सापांच्या प्रदर्शनानंतर

रत्नागिरीतल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात मी नोकरीला लागले, तेव्हा ऐंशीचं दशक निम्मं सरलेलं होतं. विद्यापीठ मुंबईला. तिथून अधूनमधून पत्रक यायचं, की संलग्न कॉलेजांनी ग्रंथालयात कार्यक्रम घ्यावेत, प्रदर्शनं भरवावीत. बाकीचे लोक ते फाइलला लावून मोकळे होत असावेत. आमच्या ग्रंथपालांना मात्र ते घरच्या कार्याचं आमंत्रण आल्यासारखं वाटायचं.

सर साताऱ्याकडचे, पन्नाशी ओलांडलेले. बायकामुलं गावी आणि हे इथे कॉलेजमागच्या आळीत एका खोलीत एकटे. त्यांचं म्हणणं एकच होतं. माणूस कशाच्या का निमित्तानं होईना, दारातून आत आला पाहिजे. म्हणून आमच्याकडे दिवाळी अंकांचं प्रदर्शन झालं, जुन्या नाण्यांचं झालं, पोस्टाच्या तिकिटांचं झालं. टेबलं सरकवणं, ड्रॉइंग पेपरवर मथळे काढणं, टाचण्या मारणं हे सगळं आम्ही दोघं आणि शिपाईमामा मिळून करायचो. मला त्याची हौस वाटायला लागली होती.

एका वर्षी एप्रिलच्या तोंडावर सर म्हणाले, "या खेपेला साप."

"चित्रं?" मी विचारलं.

"चित्रं बघायला कोण येणार? जिवंत साप. अलोऱ्याचे एक गृहस्थ आहेत, ते आणणार आहेत."

मी लांज्याजवळच्या खेड्यातली. मी लहान असताना माझी चुलती भाजावळीला, म्हणजे पेरणीआधी शेत भाजायला लागणारा पातेरा, वाळका पालापाचोळा, गोळा करायला गेली आणि तिला फुरसं चावलं. फुरसं म्हणजे मातीच्या रंगाचा, हातभरसुद्धा नसलेला साप. आमच्या कातळावर, दगडांच्या सांदीत कुठेही असतो. तो माणसाला लगेच नेत नाही. चुलती दुसऱ्या दिवशी चुलीपुढे बसून भाकऱ्या थापत होती. मग तिच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. ती सारखी चूळ भरायची आणि अंगणातली माती लाल व्हायची. ते रक्त थांबलंच नाही.

मी हे सरांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणून तर हे प्रदर्शन पाहिजे. चावल्यावर मांत्रिकाकडे जायचं नाही, दवाखान्यात जायचं, हे लोकांना कुणी सांगायचं?"



अलोऱ्याचे गृहस्थ तिथल्या वीजप्रकल्पाच्या कॉलनीत राहणारे. कुणाच्या क्वार्टरमध्ये साप निघाला की त्यांना बोलावणं जायचं. सडपातळ, अबोल माणूस. जीपमधून त्यांनी पेट्या उतरवल्या. प्लायवुडच्या पेट्या, पुढे काच, मागे हवेसाठी जाळी. नाग, घोणस, धामण, नानेटी असे एकेक करून वाचनकक्षातल्या लांब टेबलांवर मांडले. फुरश्याची पेटी अगदी शेवटच्या टेबलावर ठेवली. त्याच्या पाठीमागे संदर्भग्रंथांची कपाटं होती.

गर्दी म्हणजे अशी, की व्हरांड्यातून रस्त्यापर्यंत रांग. मिरकरवाड्यातून बायका आल्या, बाजारातले दुकानदार आले, शाळाच्या शाळा आल्या. नागापुढे सगळे थांबत, हात जोडत. फुरश्यापुढे कुणी फारसं रेंगाळत नसे, कारण त्यात बघण्यासारखं काही नव्हतंच. वाळूत चिऱ्याचे दोन तुकडे आणि त्यांच्या आडोशाला एक जाडसर वेटोळं. पण दुपारी गर्दी ओसरली की त्या कोपऱ्यातून आवाज यायचा. फुरसं अंगावर अंग घासतं, त्याचा करकर आवाज. कुणीतरी सावकाश पॉलिशपेपर घासत असल्यासारखा. मी काउंटरवर बसून पुस्तकं नोंदवत असायचे आणि तो आवाज मला बरोबर ऐकू यायचा. शेवटच्या दुपारी तो आलाच नाही. मला वाटलं, बरं झालं.

संध्याकाळी उन्हं तिरपी झाल्यावर आवराआवर सुरू केली. मामा खुर्च्या लावत होते. सर शेवटच्या टेबलाशी वाकून, टेबलाला लावलेल्या कागदांच्या टाचण्या काढत होते. एकदम "स्स" करून त्यांनी बोट तोंडात घातलं.

"काय झालं?"

"काही नाही, टाचणी."

तेवढ्यात अलोऱ्याच्या गृहस्थांनी फुरश्याची पेटी उचलायला घेतली आणि उचलली नाही. काचेला डोळा लावून ते तसेच उभे राहिले. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, जरा मागे व्हा. चपला घाला पायात. मामा, तुम्हीही."

"का हो?" सरांनी विचारलं.

"व्यालीय."

फुरसं अंडी घालत नाही, थेट पिल्लंच घालतं, हे मला तेव्हा कळलं. आईच्या वेटोळ्याला चिकटून पिल्लं होती. काडेपेटीच्या दोन काड्या एकापुढे एक ठेवाव्यात एवढ्या लांबीची, आणि आईसारखीच हुबेहूब नक्षी असलेली. त्यांनी पेटी वळवली. मागच्या जाळीची भोकं माझ्या करंगळीएवढी होती. आईला ती पुरली नसती. पिल्लांना पुरली होती.

"किती होती?" सरांनी विचारलं.

"ते कसं सांगणार? चार असतात, दहाही असतात. कधी व्याली तेही माहीत नाही." त्या माणसाच्या कपाळावर घाम आला होता. "माझी चूक झाली, सर. जाळी बघायला हवी होती."

सर त्यांच्याकडे बघत राहिले. मग आपल्या बोटाकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि हात खिशात घातला. मी ते पाहिलं. पण त्या क्षणी माझं सगळं लक्ष जमिनीवर होतं.

आम्ही दारं लावून घेतली आणि शोधायला लागलो. एक पिल्लू टेबलक्लॉथच्या दुमडीत सापडलं. एक पंख्याच्या बटणाखाली, भिंतीच्या कडेला. अलोऱ्याचे गृहस्थ चिमट्यानं उचलून बरणीत टाकत होते. मग त्यांनी संदर्भकपाटातला एक जाड बांधीव खंड अलगद पुढे ओढला आणि बॅटरी मारली. बांधीव पुस्तकाच्या पाठीला, पुठ्ठा आणि पानं यांच्यामध्ये, एक पोकळी असते. त्या पोकळीत पिल्लू बसलं होतं. त्यानं तोंड उघडलं तेव्हा मला त्या खोलीतल्या सगळ्या पुस्तकांच्या पाठी दिसायला लागल्या. ओळीनं, छतापर्यंत.

अंधार पडायला लागला तसं शोधणं थांबवावं लागलं. प्राचार्यांना बोलावलं. ते दारातूनच म्हणाले, "बाहेर एक अक्षर काढायचं नाही. परीक्षा आल्यात. वाळवीच्या औषधासाठी ग्रंथालय बंद, अशी पाटी लावा." एरवी वळणदार अक्षर असलेल्या सरांनीच ती पाटी लिहिली. लिहिताना खडू त्यांनी डाव्या हातात धरला होता, पण ते तेव्हा काही माझ्या ध्यानात आलं नाही. अक्षर वाकडं आलं म्हणून मामा हसले, आणि सरही हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर आले नाहीत. असं कधीच होत नसे. मी थोडी वाट पाहिली आणि त्यांच्या खोलीवर गेले. दार उघडंच होतं. सर मोरीपाशी उभे राहून चूळ भरत होते.

"या, या. चहा टाकतो. हा नवा ब्रश फार कडक निघाला," ते म्हणाले.

मोरीत सगळं लालभडक होतं. त्यांनी पुन्हा चूळ भरली, पुन्हा लाल. बोलताना दातांच्या कडा लाल होत होत्या. उजवा हात मनगटापर्यंत सुजून तुकतुकीत झाला होता.

"सर, चला," मी म्हणाले.

"कुठे?"

"सर, चला म्हणते ना!" मी त्यांच्यावर ओरडले. मी त्यांच्या निम्म्या वयाची होते आणि त्याआधी कधी त्यांच्यापुढे आवाज चढवलेला नव्हता. ते मुकाट्यानं चपला घालून निघाले.

रिक्षात त्यांनी रुमाल तोंडाला लावला होता. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी सुजलेला हात पाहिला, काय चावलं ते विचारलं आणि काचेच्या नळीत थोडं रक्त काढून नळी टेबलावर उभी करून ठेवली. "गोठतंय का बघू," म्हणाले. मी त्या नळीकडे बघत बसले. बऱ्याच वेळानं त्यांनी नळी तिरपी केली. रक्त पाण्यासारखं काठापर्यंत वाहत आलं. डॉक्टर उठले आणि नर्सला हाक मारून सापाच्या विषावरचं सिरम आणायला सांगितलं.

ती दुपार आणि ती संध्याकाळ मी बाहेरच्या बाकावर काढली. अलोऱ्याचे गृहस्थ निरोप मिळाल्यावर आले. माझ्याशेजारी बसले नाहीत. समोरच्या भिंतीला टेकून उभे राहिले, शेवटपर्यंत. अधूनमधून नर्स बाहेर यायची आणि आम्ही दोघंही तिच्या चेहऱ्याकडे बघायचो. पुन्हा नळी भरली गेली, पुन्हा तिरपी झाली, पुन्हा वाहिली. मला चुलतीचं अंगण आठवत होतं आणि मी ते आठवू नये म्हणून भिंतीवरच्या कुटुंबनियोजनाच्या पाटीवरची अक्षरं वाचत होते.

दिवेलागणीनंतर डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "गोठायला लागलंय. मूत्रपिंडाचं काय ते पुढे बघू, पण गोठायला लागलंय." अलोऱ्याचे गृहस्थ तिथेच भिंतीला धरून खाली बसले.

दोन-तीन दिवसांनी सरांना नीट बोलता येऊ लागलं तेव्हा मी विचारलं, "सर, तुम्हाला कळलं होतं ना?"

"आधी टाचणीच वाटली. पेटी वळवली तेव्हा कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

ते खिडकीकडे बघत म्हणाले, "तो माणूस घामाघूम झाला होता. त्यात आणखी हे कुठे सांगायचं? म्हटलं, पिल्लूच तर आहे, एवढंसं. सकाळपर्यंत काही झालं नाही, तर टाचणीच." मग त्यांनीच विचारलं, "उघडलंत का ग्रंथालय?"

"नाही."

"उघडू नका."

अर्थात बातमी गावभर झालीच. मे महिन्यात आम्ही एकूणएक पुस्तक बाहेर काढलं. मी हातमोजे घालून, आणि मामा लांब दांड्याचा चिमटा घेऊन. अंगणात कडक उन्हात पुस्तकं पसरली. कपाटामागे एक पिल्लू वाळून दोरीसारखं झालेलं सापडलं. एक नकाशांच्या गुंडाळीतून जिवंत पडलं. सर्व भोकं, फटी सिमेंटनं बुजवल्या. तरी मुळात किती होती हेच ठाऊक नसल्यावर संपली असं कोण म्हणणार?

जूनमध्ये कॉलेज सुरू झालं. मुलं काउंटरपर्यंत येत आणि चिठ्ठी पुढे करत. वाचनकक्षात कुणी बसेना. बसलंच तर पाय वर घेऊन. मामांना मी एकदा आतलं पुस्तक आणायला सांगितलं, तर ते हात जोडून म्हणाले, "बाई, दुसरा काय पण सांगा. आत माजं पाय नाय वळत." मग मीच जायची. पुस्तकांच्या रांगांमध्ये पावसाळी अंधार असायचा, कौलांवर पाऊस, आणि मी हात पुढे करून थांबायची. दिवसातून कितीतरी वेळा थांबायची. आधी काठीनं पुस्तक हलवायचं, मग ओढायचं. घरी गेल्यावर भांड्यांच्या मांडणीतून ताट काढतानासुद्धा माझा हात थबकायचा. आई विचारायची, काय गं?

श्रावणात ग्रंथालयाच्या मागच्या पायरीवर एक लहानसं फुरसं निघालं. मामांनी ते मारलं. मी अलोऱ्याला निरोप धाडला. ते गृहस्थ आले, मेलेला साप काठीनं उलटापालटा करून पाहिला.

"त्यातलंच का?" मी विचारलं.

"ते किंवा इथलंच. हा सगळा कातळच त्यांचा आहे, मॅडम. मी काय सांगू?"

त्यांनी नंतर साप पकडणं सोडून दिलं, असं ऐकलं.

सर दिवाळीनंतर कामावर परत आले. निम्म्यानं वाळलेले. उजव्या हाताचं एक बोट वाकायचं नाही, आणि जेवणात मीठ बंद. आल्या आल्या मला म्हणाले, "काहीतरी ठेवू या. समुद्रातले शंखशिंपले. त्याला कोण भिणार?" मला हसावं की रडावं ते कळेना. बोर्डावर सूचना लागली. मी मनात म्हटलं, कुणी येणार नाही.

नाटे गावची एक मुलगी पहिल्या वर्षाला होती. तिचे वडील मच्छीमारीच्या बोटीवर होते. ती ठरल्या दिवशी दोन पिशव्या भरून शंख घेऊन आली. डोक्यावरची ओढणी घट्ट धरून ती उंबऱ्यापाशी उभी राहिली. आत टेबलं मांडून तयार होती, त्यांवर पांढरी कापडं घातलेली होती.

"ये की आत," सर म्हणाले.

ती टेबलांखालच्या अंधाराकडे बघत म्हणाली, "सर, अम्मीनं सांगितलंय, आत जायचं नाही. मी इथंच मांडू?"

सरांना काय वाटलं असेल ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं, आणि मी तिकडे बघायचं टाळलं. मग त्यांनी एका टेबलाचं टोक डाव्या हातानं धरलं आणि मला म्हणाले, "बाई, जरा धरा बघू दुसऱ्या बाजूनं."

टेबल आम्ही व्हरांड्यात काढलं. मुलगी शंख मांडायला लागली आणि प्रत्येकाचं नाव सांगायला लागली. थोडी मुलं जमली, मग आणखी थोडी. त्यानंतर सर निवृत्त होईपर्यंत आमची सगळी प्रदर्शनं व्हरांड्यातच भरली. लोक यायचे, बघायचे आणि तिथूनच परत जायचे.