जावळ राहिलं होतं

मी केस कापायचा क्लिपर चालू केला आणि अर्चनानं लेकराचं डोकं पदराखाली झाकून घेतलं.

"सिस्टर, केसांला हात लावायचा न्हाई."

"अगं बाई, डोक्याचं ऑपरेशन आहे. केस काढल्याशिवाय कसं करायचं?"

"ते मला म्हाईत न्हाई. जावळ राह्यलंय त्याचं."

बाजूला तिचा नवरा गजानन उभा होता. तो लगेच म्हणाला, "काढा तुमी, सिस्टर. मी सही केली ना? मामा-बिमा काही लागत न्हाई."

मामाचं नाव मी काढलंच नव्हतं. त्यानं स्वतःहून काढलं. तिथंच मला वास आला की पाणी कुठंतरी मुरतंय.

मी कळमनुरीच्या बाजूला एका मिशन हॉस्पिटलमध्ये मेट्रन आहे. मेट्रन म्हणजे सगळ्या नर्सेसची मुख्य. नर्सेसच्या चुका, डॉक्टरांचे राग आणि नातेवाइकांची भांडणं, तिन्ही माझ्याच डोक्यावर. दरवर्षी आमच्याकडे लहान मुलांचे एक सर्जन परदेशातून येतात. सगळ्या परवानग्या काढून, स्वतःची सुट्टी खर्चून, आठ-दहा दिवस राहतात आणि इथं ज्यांची सोय होत नाही अशा मुलांची ऑपरेशनं करतात. यंदा आले होते डॉक्टर एरिक, नॉर्वेचे. इतका उंच माणूस की आमच्या वॉर्डाच्या दारात पहिल्याच दिवशी दोनदा कपाळ आपटून घेतलं. मराठी येतं ते "दुखतंय का" आणि "घाबरू नका" एवढंच. ते दोन्ही चुकीच्या वेळी म्हणतात.

वेदांत अर्चनाचं पहिलं लेकरू. अजून वर्षाचं व्हायचं होतं. त्याच्या डोक्यात पाणी साठत होतं. मेंदूभोवती सगळ्यांच्याच थोडं पाणी असतं, ते तयार होतं आणि जिरतं. जिरायची वाट बंद झाली की ते साठतं, डोकं मोठं होतं, मेंदूवर दाब येतो. त्यावर उपाय म्हणजे शंट. शंट ही एक बारीक नळी. एक टोक मेंदूत, दुसरं पोटात, आणि मधली नळी कातडीखालून कानामागून नेलेली. जास्तीचं पाणी पोटात उतरतं आणि तिथं जिरून जातं. सांगायला सोपं आहे. करताना मात्र नळीला जंतू लागला की सगळं मुसळ केरात. म्हणून शंटची केस सकाळी पहिल्या नंबरला घेतात, ओटीत, म्हणजे ऑपरेशनच्या खोलीत, माणसं कमी ठेवतात आणि केस अगदी ऐनवेळी काढतात. तेही क्लिपरनं. वस्तऱ्यानं बारीक ओरखडे पडतात, आणि ओरखड्यात जंतू बसतात.

वेदांतची टाळू फुगून आली होती. हात लावला की ताठ लागायची. दोन दिवसांपासून उलट्या. नांदेडला त्याला तारीख मिळत होती, पण पुढच्या आठवड्यातली. आणि डॉक्टर एरिक परवा सकाळी निघणार होते. असं ऑपरेशन झाल्यावर निदान दोन रात्री सर्जन जवळ पाहिजे. म्हणजे जे काय व्हायचं ते आजच. उद्या म्हणून चालणार नव्हतं.

मी गजाननला बाहेर पाठवलं आणि अर्चनाजवळ स्टूल ओढून बसले.

"आता सांग. खरं काय आहे?"

तिनं लेकराच्या डोक्यावरचा पदर सारखा केला. मग म्हणाली, "सिस्टर, जावळ मामाच्या मांडीवर काढत्यात. माझा एकच भाऊ हाय, दत्ता. कुरुंद्याला राह्यतो. वेदांतच्या बारशाला तो आला. बाकी सगळ्या पाव्हण्याला टॉवेल-टोपी दिली, त्यालाच इसरले. इसरले का मुद्दाम केलं, देवाला म्हाईत. तो जेवला न्हाई. तसाच निघून गेला. तवापासून यांचं आन् त्याचं बोलणं बंद."

"आणि तुझं?"

"माझं चोरून हाय. कधी कधी."

"मग आत्ता लेकरू एवढं आजारी असताना…"

"म्हणून तर! त्याच्या माघारी जावळ उतरवलं तर मला माहेरच राह्यलं न्हाई समजा. मामाचं एवढंच तर काम राह्यतं, सिस्टर. ते बी तुमच्या मशीननं करून टाकायचं?"

मला राग आला होता, खरं सांगते. लेकराचा जीव चाललाय आणि ही माहेर धरून बसलीय, असं मनात आलं. पण मीही लग्न होऊन दुसऱ्या घरी गेलेली बाई आहे. तिचं म्हणणं मला कळत नव्हतं असं म्हणता येणार नाही.

मी आमच्या मोठ्या डॉक्टरांकडे गेले. हॉस्पिटलचे प्रमुख, डॉक्टर साळवे.

"बापाची सही आहे ना?" त्यांनी विचारलं.

"सही आहे. आई लेकरू सोडत नाही."

"ओढून घ्यायचं नाही, सिस्टर. अजिबात नाही. मिशनचं हॉस्पिटल, गोरा डॉक्टर आणि आई रडत असताना लेकराचे केस कापले. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट कुठल्या रूपात कुठं जाईल, तुम्हीच विचार करा."

विचार करायची गरज नव्हती. आमच्या व्हरांड्यात एक म्हातारे बाबा आधीच कुणाला तरी सांगत होते, "टक्कल करून नाव बदलत्यात म्हणं हितं." इतक्या वर्षांत आम्ही कुणाचं आडनावसुद्धा चुकीचं लिहिलं नाही, नाव बदलणं दूरच. पण बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार?

डॉक्टर एरिक ओटीच्या दारात हात बांधून उभे. मी त्यांना इंग्रजीत सगळं समजावलं. मामा, मांडी, टॉवेल-टोपी. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे हे बाप्तिस्म्यासारखं आहे का?"

"डॉक्टर," मी म्हटलं, "आज दिवसभर हा शब्द मनातसुद्धा म्हणू नका."

ते हसले नाहीत. म्हणाले, "मी थांबतो. पण नाडीवर लक्ष ठेवा. नाडी मंदावली तर टाळूतून सुई घालून मी थोडं पाणी काढीन. तेव्हा मी कुणालाच विचारणार नाही."

डोक्यातला दाब वाढत गेला की लहान मुलाची नाडी हळू होते. तापात ती पळते, घाबरल्यावर पळते. हळू झाली की समजावं, गाडी घाटाच्या कडेला आलीय.

अर्चनाकडून नंबर घेऊन मी माझ्या फोनवरून दत्ताला फोन लावला. आधी त्यानं कट केला. मी परत लावला.

"कोण?"

"मी मिशनच्या दवाखान्यातून सिस्टर बोलतेय. तुमचा भाचा…"

"काय झालं त्याला?" आवाज एकदम बदलला. मागं भट्टीचा आवाज येत होता. हळदीचे दिवस होते. काढलेली हळद वाफेवर शिजवायचं काम चालू होतं त्याचं.

मी सांगितलं. ऑपरेशन, केस, बहिणीचा हट्ट. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "सिस्टर, हळद गेली खड्ड्यात, मी आत्ता निघतो. पण दाजी दारात म्हणले की तुला कोणी बोलावलं, तर? बारशाला चार लोकांत झालं ते बास झालं. दवाखान्यात पुन्हा तमाशा झाला तर तकलीफ अर्चनालाच व्हईल. त्यायला फक्त 'ये' म्हणू द्या. एवढा एक शब्द."

"मी बोलावतेय ना तुम्हाला!"

"तुमी काहून बोलावता? जावळाचं आमंत्रण घरच्यानं द्यायचं असतंय."

मी फोन ठेवला आणि गजाननला शोधायला निघाले.

गजानन बाहेर चहाच्या टपरीजवळ उभा होता. मी त्याला म्हटलं, "मेव्हण्याला फोन करा."

"मी? त्याला? मेलो तरी न्हाई."

"तुम्ही कशाला मरता? मरायला ते लेकरू टेकलंय ना आत."

मेट्रननं असं बोलू नये. नर्सिंगच्या पोरींना मी स्वतः शिकवते, नातेवाइकांशी शांतपणे बोला म्हणून. पण माझं डोकं तापलं होतं. टपरीवाल्यानं चहा ओतता ओतता हात थांबवला. गजाननचं तोंड पांढरं पडलं. त्यानं फोन काढला, नंबर शोधला, आणि कितीतरी वेळ नुसता बघत राहिला. मेव्हण्याचा नंबर अजून ठेवलेला होता, हे मी पाहिलं. मग त्यानं तो लावला.

"दत्ता," तो म्हणाला. "वेदांतचं जावळ हाय आज. दवाखान्यात. ये."

पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. गजाननच पुन्हा म्हणाला, "व्हय. मीच म्हणून राहिलो. ये लवकर."

मग सुरू झालं वाट बघणं. माझ्या नोकरीत मी बरंच काही पाहिलंय. रक्त पाहिलंय, मरण पाहिलंय. पण वाट बघण्याइतकं वाईट काही नाही. कुरुंद्याहून आमच्याकडे यायला फार वेळ लागत नाही, असं एरवी मीच लोकांना सांगते. त्या दिवशी तो रस्ता संपता संपेना. ऑपरेशनसाठी वेदांतचं दूध पहाटेच बंद केलं होतं. सलाईन चालू होतं, पण त्याला काय कळतंय? भुकेनं तो सारखा रडत होता आणि अर्चना त्याच्या तोंडाकडे बघून रडत होती. आधी मला वाटलं, बाई गं, हा कधी थांबतो.

मग तो थांबला.

मी धावत गेले. डोळे अर्धे मिटलेले. गालाला चिमटा काढला तर नुसता कण्हला. नाडीवर बोट ठेवलं. मोजली. पुन्हा मोजली, कारण पहिल्यांदा आलेला आकडा मला मान्य नव्हता. ती हळू झाली होती. फार नाही, पण झाली होती.

"डॉक्टरांना बोलवा!" मी ओरडले. अर्चनानं माझा हात घट्ट धरला. "सिस्टर, काय झालं? सिस्टर, कापा तुमी. कापा केस. मला काही नको, माहेर बी नको. कापा!"

मी क्लिपर उचलला. देवाशपथ उचलला. तेवढ्यात बाहेर मोटारसायकल करकचून थांबली आणि एक माणूस अनवाणीच आत पळत आला. कपड्यांवर हळद, भुवयांवर हळद, हात कोपरापर्यंत पिवळे.

"हात धुवा!" मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? मेट्रनच ना मी.

साबणानं घासले, ब्रशनं घासले, पिवळेपणा काही जाईना. तोवर डॉक्टर एरिक लेकराजवळ पोचले होते. त्यांनी टाळूला हात लावला, डोळ्यांत बॅटरी मारली आणि एक बोट वर केलं. एक मिनिट. त्याहून जास्त नाही.

ओटीला लागून असलेल्या तयारीच्या खोलीतही टोपी घातल्याशिवाय कुणाला घेत नाही. मी कपाटातून हिरवी टोपी आणि हिरवा टॉवेल काढून दत्ताकडे करणार, तर गजानननं ते माझ्या हातातून घेतले. टॉवेल मेव्हण्याच्या खांद्यावर टाकला. टोपी स्वतः त्याच्या डोक्यावर बसवली, ती तिरकी झाली, म्हणून पुन्हा नीट केली.

दत्ता खुर्चीवर बसला. मी लेकरू त्याच्या मांडीवर ठेवलं. "कात्री फक्त. वस्तरा नाही, पाणी नाही, कुंकू नाही. ज्याला लावायचं असेल त्यानं नंतर मामाला लावा." त्यानं मान हलवली. कात्री टाळूकडं जाऊ नये म्हणून त्याचं मनगट मीच धरलं. कानावरची एक बट कापली. अर्चनानं ती पदरात घेतली. झालं जावळ. पुढचं क्लिपरनं मी केलं. मामाच्या मांडीवरच केलं, तेवढ्यासाठी जागा बदलली नाही. निघालेले सगळे केस एका पिशवीत घालून आईकडे दिले.

डॉक्टर एरिक ऑपरेशनआधी लेकराच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात. त्या दिवशी त्यांनी हात पाठीमागे बांधले, भिंतीकडे तोंड केलं आणि काय म्हणायचं ते मनात म्हटलं. मी काही सांगितलं नव्हतं.

नळी बसली. दाब एवढा होता की सुरुवातीलाच पाणी उसळून त्यांच्या हातमोज्यांवर आलं. बाहेर तिघं एकाच बाकावर बसले होते, मधे अर्चना, दोन्हीकडं हे दोघं. मी निरोप द्यायला गेले तर तिघंही एकदम उभे राहिले आणि बाक कलंडलं.

दोन रात्री आम्ही कुणी नीट झोपलो नाही. शंट बंद पडतो, ताप येतो, काहीही होतं. तिसऱ्या सकाळी, एरिक निघायच्या आधी, वेदांतनं मामाकडे डोळे वर करून पाहिलं. दाब वाढलेलं मूल वर पाहू शकत नाही, बुबुळं खाली ओढल्यासारखी राहतात. ती वर आली होती. एरिकनी अर्चनाला आनंदानं सांगितलं, "घाबरू नका!" पहिल्यांदाच बरोबर वेळेला.

ऑपरेशनच्या सकाळी आम्ही मामासाठी थांबलो, त्यानं लेकराच्या मेंदूचं काही नुकसान झालं का, हे मला माहीत नाही. कुणालाच सांगता येत नाही. तो उशिरा चालायला लागला, पण लागला. आणि मोटारसायकल तेव्हा आली नसती, तर मी क्लिपर चालवलाच असता, आणि अर्चनाला ते जन्मभर निस्तरावं लागलं असतं.

एक मात्र मी शिकले. ऑपरेशनच्या तयारीत आम्ही आईला विचारतो, दूध कधी पाजलं, कुठलं औषध चालत नाही, पूर्वी झटके आले का. आता मी आदल्या दिवशीच आणखी एक विचारते, जावळ झालंय का. नाही म्हणाली, की लगेच विचारते, मामाशी बोलणं आहे ना? नव्या नर्सेस हसतात. हसू देत. नॉर्वेच्या सर्जनला एक ईमेल पाठवला की तो येतो. कुरुंद्याच्या मामाला बापानं तोंडानं 'ये' म्हणावं लागतं.