चारशे दहा किलो

सुनंदाचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. सुनंदा म्हणजे बाळाराम मिस्तरीची मुलगी. "काका, अण्णा गेलं... चा घेतला नि बसल्या जाग्यावर..." एवढंच ती बोलू शकली. मी अर्धी दाढी तशीच ठेवून त्याच्या घरी पोचलो. बाळाराम पडवीत झोपवलेला होता, नखांत वेल्डिंगचा काळा मळ तसाच. तेवढा दिवस स्वच्छ होता. त्यानंतर जे सुरू झालं त्याची मला अजून शिसारी येते. तिसऱ्या दिवशी शहापूरच्या नाक्यावर भावपूर्ण श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला. त्यात बाळाराम पासपोर्टएवढा आणि खाली हात जोडून उभे असलेले, तालुक्यातले जमीनवाले शेठ पुरुषभर. दशक्रियेला शेठ पांढऱ्या गाडीतून उतरले, नदीकाठी चपला न काढता उभे राहिले आणि म्हणाले, "असा कारागीर तालुक्यात पुन्हा होणे नाही." मेल्या म्हशीला मणभर दूध! ज्या माणसानं बाळारामला वजनचोर ठरवलं तोच हा गळा काढत होता, आणि भोवतीची मंडळी माना डोलावत होती. मग शेठनी माझा खांदा दाबला. "मास्तर, मिस्तरींच्या नावानं स्टॉपवर शेड बांधून देतोय. पाटी तुम्हीच रंगवायची. तुमच्यासारखं अक्षर कुणाचं आहे?" दुसऱ्या दिवशी पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा माझ्या घरी येऊन पडला.

मी किन्हवलीत तीस वर्षं चित्रकला शिकवली. अक्षर चांगलं, म्हणून दुकानांच्या पाट्या, लग्नाच्या कमानी, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांचे नंबर, सगळं माझ्याकडे यायचं. बाळारामशी ओळख त्या ट्रॉल्यांमुळेच झाली. त्याचा बाप बैलगाड्या करायचा. बैल कमी झाले तसा बाळाराम लोखंडाकडे वळला आणि रस्त्याकडेला शेड टाकून ट्रॉल्या जोडू लागला. शाळेत उरलेले खडूचे तुकडे मी त्याला नेऊन द्यायचो, कारण हा माणूस कागदावर काही लिहीतच नसे. शेडच्या मागच्या बाजूला डांबर फासलेल्या फळ्यांची भिंत होती, तीच त्याची वही.

नव्वदीच्या सुरुवातीला वाशिंदच्या एका भंगारवाल्याकडून तो पत्रा घेऊन आला. त्या पत्र्याला गुंडाळलेलं एक परदेशी मासिक होतं. त्यातलं एक पान त्यानं माझ्यापुढे धरलं. चित्रात दोन चाकांवरचं इवलंसं घर, मोटारीच्या मागे जोडलेलं. खिडकीला पडदा, आत पलंग, शेगडी. मला वाटलं, चित्र आवडलं असेल. पण त्याचं बोट चित्राखालच्या बारीक अक्षरांवर होतं. "हे काय लिवलंय, मास्तर?" मी वाचलं : लांबी, रुंदी, रिकामं वजन, सामानासकट जास्तीत जास्त वजन, जोडाच्या दांडीवर पडणारं वजन. आकडे पौंडांत होते. त्यानं मला तिथल्या तिथे बसवून त्यांचे किलो करायला लावले, आणि मग कितीतरी वेळ त्या किलोंकडे बघत राहिला. "मंजे विकनारा आधीच सांगतो, येवडंच हाय, याच्यावर नको... नि खरं सांगतो?" मी म्हटलं, तिकडे पद्धत आहे तशी. "आपल्याकडं ट्रॉलीवर तीन टन लिवतात नि पाच भरतात," तो म्हणाला. त्या तक्त्यानं त्याला जे झालं ते काही जणांना देव बघून होतं.

पहिलं फिरतं घर त्यानं मुरबाडच्या एका डॉक्टरांसाठी केलं. डॉक्टर नि त्यांची बायको डोंगरपाड्यांवर औषधं घेऊन जायचे, रात्री मुक्कामाला जागा नसे. जीपमागे ओढता येईल असं हलकं काहीतरी त्यांना हवं होतं. बाळारामनं नऊ फूट लांब नि पाच फूट रुंद सांगाडा धरला. साग जड म्हणून सांगाड्यात शिवणीचं लाकूड, वरून ॲल्युमिनियमचा पत्रा, आत पातळ प्लाय. प्रत्येक तुकडा बसवण्याआधी तो गवताच्या वखारीत न्यायचा. तिथे गवताच्या गठड्या मोजायचा काटा होता, शेजारी किरकोळीचा लहान तराजूही. दार, खिडकी, पलंगाची फळी, बिजागऱ्यांची पुडीसुद्धा त्या काट्यावर चढायची. वखारीतले हमाल हसायचे. "मिस्तरी, बिजागरी काय बाजारात नेतंस का रं?" हा मात्र शेडवर येऊन खडूनं भिंतीवर आकडा टाकायचा. एक हुक अडीच तोळ्यांनी जड निघाला म्हणून त्यानं तो परत केलेला मी पाहिलाय. मला तेव्हा हा सगळा वेडाचार वाटायचा आणि मी तसं बोलूनही दाखवायचो.

त्याची दुसरी परीक्षा बैलगाडीची होती. गाडीत मागे जास्त भरलं की पुढचं जू वर उचलतं, बैलांच्या गळ्याला फास बसतो. त्याला आमच्याकडे गाडी उलाळ झाली म्हणतात. बाळारामचं म्हणणं, जीपमागचं घरही तसंच. दांडीवर पुरेसं वजन नसलं की उतारावर मागचा भाग डुलायला लागतो आणि मग ओढणाऱ्यालाच फरफटत नेतो. म्हणून तो दांडीचं टोक काट्यावर ठेवायचा आणि यमुनावहिनींना, म्हणजे बायकोला, आत शेगडीपाशी बसवायचा. डॉक्टरीणबाई साधारण तेवढ्याच वजनाच्या होत्या. वहिनी आतून ओरडायच्या, "अवो, माजी भाकर करपली असंल, उतरू का?" हा म्हणायचा, "थांब गो, काटा थरारतोय." शेवटी रिकामं वजन चारशे दहा भरलं, दांडीवर पंचेचाळीस. मी पत्र्याची पाटी रंगवली : बाळाराम मिस्तरी, किन्हवली. रिकामं वजन ४१० किलो. त्यानं पाटीवरून हात फिरवला आणि रंग ओला होता तो बोटांना लागला. पुढच्या दहा वर्षांत त्यानं अशी सात घरं केली. प्रत्येकाची पाटी मी रंगवली. प्रत्येक पाटी खरी होती.

आठवं घर शेठचं. तानशाच्या बाजूला त्यांनी जमीन घेतली होती, शहरातल्या लोकांनी तलावाच्या हवेला येऊन चाकांवरच्या घरात राहावं असा बेत होता. पहिलं घर नमुन्याचं, ते पसंत पडलं की आणखी पाच. शेठना घर हलकंही हवं होतं आणि आत बंगलाही हवा होता. मागच्या टोकाला टाइल्सचा संडास, त्याच्यावर पाण्याची टाकी, ओट्याला ग्रॅनाइट. बाळाराम सांगून थकला. शेवटी म्हणाला, करून दाखवतो, मग काट्यावर बघा. काट्यावर सातशे बत्तीस भरले आणि दांडीवर फक्त बारा. शेठ म्हणाले, "जीप ओढते ना?" बाळाराम म्हणाला, "वडंल ओ. उतारावर थांबवनार कोन?" ग्रॅनाइट काढायचा, टाकी पुढे आणायची, मगच घर द्यायचं, असं ठरवून तो म्हसा गावच्या बैलबाजाराच्या जत्रेला गेला. पौषात चार दिवस तो तिकडे असायचाच, बापाच्या वेळच्या गाडीवाल्यांची ओळख सांभाळायला. जाताना शेडची किल्ली माझ्या हातात दिली. "पाटी रंगवून ठेवा, मास्तर. नाव लिवा. वजन मोकळं सोडा, मी आल्यावर सांगन."

आता जे लिहितो ते सात वर्षं मी कुणाला सांगितलेलं नाही. दुसऱ्या दिवशी शेठ माझ्या घरी आले. त्यांनी माझी चित्रं मागितली, भिंतीला टेकवून एकेक पाहिली, "आर्टिस्ट आहात तुम्ही, इथं कुजताय" असं म्हणाले. तानशाला प्रत्येक घरात माझं एक चित्र लावायचं, खाली नाव ठळक, असंही म्हणाले. पैशाचं नावसुद्धा काढलं नाही. काढलं असतं तर कदाचित मी सावध झालो असतो. मग सहज म्हणाले, "फोटो काढायला घर माळशेजला न्यायचंय. पाटीवर आकडा नसला तर बरं दिसत नाही. पहिल्या घराचाच टाका ना, चारशे दहा." घर न्यायला मी शेडची किल्ली काढून दिली. मी शेडमध्ये उकिडवा बसून, ब्रशचं टोक ओठांनी सारखं करून, झोकात चारशे दहा लिहिलं. माझा चार नेहमी वरून जरा कलतो, खाली गाठ घट्ट. फार सुंदर आला होता तो. स्तुतीच्या दोन घासांसाठी माणूस किती खाली वाकतो याची मला आजही ओकारी येते, आणि तो माणूस आरशात रोज दाढी करतो.

माळशेज घाटाच्या उतारावर घर डुललं. ड्रायव्हर वाशिंदचा दत्तू, लग्नाला वर्ष झालेलं पोरगं. त्यानं जीप डोंगराला घासून थांबवली म्हणून दरीत गेली नाही, पण त्याचा गुडघा दरवाजात चिरडला. पंचनाम्यात पाटी वाचली गेली. शेठ चौघांत म्हणाले, "मी काय काटा घेऊन फिरतो? कारागिराच्या नावावर विश्वास ठेवला." चोराच्या उलट्या बोंबा, आणि त्या बोंबांना साक्षीदार मी. हॉटेलात बोलणं चालू झालं की मिस्तरी वजन चोरतो. जे हमाल त्याच्या बिजागऱ्यांना हसायचे तेही म्हणू लागले, आमाला आधीपासूनच वाटत व्हतं. शी! दहा वर्षं ज्यांनी त्याला काट्यापाशी पाहिलं त्यांच्या जिभेला काही हाड?

बाळाराम जत्रेहून आला, पोलीस ठाण्यात गेला, मोडक्या घराची पाटी पाहिली आणि संध्याकाळी माझ्याकडे आला. चहा घेतला. म्हणाला, "मास्तर, चार ब्येस काढलाय." तो बशीतला चहा संपवून उठला. पोलिसांना त्यानं काय सांगितलं ते नंतर कळलं : "पाटीवर नाव माजं हाय, मंजे वजन माजं हाय." माझं नाव त्यानं घेतलं नाही. घेतलं असतं तर मी निदान त्याच्यावर रागावू शकलो असतो. दत्तूसाठी त्यानं ॲल्युमिनियमच्या नळीची कुबडी केली, वखारीत जोखली आणि त्याच्या हातात देताना म्हणाला, "साडेसहाशे ग्राम हाय. जड व्हनार नाय." त्यानंतर चाकांवरचं घर त्यानं पुन्हा केलं नाही. खिडक्यांच्या जाळ्या नि गेट करत राहिला. माझ्याकडे चहाला येत राहिला, कुठलीही पाटी मात्र रंगवायला दिली नाही. मी शेडकडे जाणं टाळायचो, खडू देणं बंद केलं. आणि तानशाचा बेत बारगळल्यावर शेठनी नेलेली माझी चित्रं त्यांच्या गोदामात वाळवी लागून पडली, हे कळलं तेव्हा मला वाईट वाटलं ते चित्रांचं. असा मी!

पंधरा दिवसांपूर्वी सुनंदानं निरोप पाठवला. शेड भाड्यानं द्यायची आहे, चुना मारण्याआधी काही न्यायचं असेल तर या. मी गेलो. तिनं मागच्या भिंतीला टेकवलेले जुने पत्रे बाजूला केले होते. मागे त्याची वही तशीच होती. सात घरांचे आकडे, एकाखाली एक, आणि शेवटी आठवं : ७३२. दांडीवर १२. खाली त्याच्या बोजड अक्षरात, "जाऊ देऊ नये." त्या आकड्यावर ओला फडका गेला नाही म्हणून तो राहिला होता असं नाही. त्यानं मुद्दाम पत्रे लावून तो जपला होता. ही भिंत एकदा पोलिसांना दाखवली असती तर तो सुटला असता. मग चारशे दहा कुणी लिहिलं, हे कुणीतरी विचारलंच असतं... सुनंदा मागे उभी होती. "काका, तुमाला ठावं व्हतं ना?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं. पाटी मी रंगवली, किल्लीही मीच दिली, हेही सांगितलं. चुन्याची बादली उचलून तिनं बाहेर नेऊन ठेवली.

मी दत्तूकडे गेलो, त्याला सांगितलं. त्यानं कुबडी भिंतीला टेकवली, "निगा आता, मास्तर," म्हणाला. बरोबरच बोलला. शेठना कळवलं की स्टॉपची पाटी मी रंगवणार नाही, आणि हा लेख छापायला देतो आहे. त्यांचा पेंटचा डबा तेवढा परत केला नाही. काल तो घेऊन शेडमध्ये गेलो, उकिडवा बसलो आणि भिंतीवरच्या खडूच्या आकड्यांवरून, त्याच्याच रेघेवरून, पांढरा रंग फिरवला. बाळारामचा सात वाकडा होता, पोट बाहेर आलेला. हात सवयीनं तो सरळ करायला गेला. मी तो तसाच वाकडा ठेवला.