खाली पडलेली गोळी

देऊळगाव राजाहून बसनं जालन्याला निघालो होतो, भावाला खरं सांगायला. आमचं दुकान माझ्या विडीनं जळलं होतं. दोष मी त्याच्यावर ढकलला होता. वाटेतच उतरावं, असं सारखं वाटत होतं.

शेजारची बाई बोटं पुन्हा पुन्हा पदराला पुसत होती. कारखान्यात धातूची भुकटी दाबून, भट्टीत भाजून फोनात बसणाऱ्या कपॅसिटरच्या बारीक गोळ्या करते म्हणाली.

"एखादी खाली पडली तर?" मी विचारलं.

"फेकायची, बाबा. धूळ लागलेली गोळी फोनात गेली की कवातरी पेटतेच. म्या एकदा गुपचूप चांगल्या गोळ्यांच्या डब्यात टाकली व्हती. सकाळी सांगून टाकलं. सगळा डबा फेकावा लागला."

"बोलणी बसली असतील."

"बसली की. पण त्या दिवशी घास घशाखाली उतरला."

जालन्यात भावानं दार उघडलं. पाण्याचा तांब्या हाती घेण्याआधीच मी म्हणालो, "विडी माझी होती."