अण्णाच्या कंपनीतला माझा हिस्सा

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. नेदरलँड्सला स्थायिक झाल्यावर त्याने तिथे छोटीशी कंपनी काढली आणि काही शेअर रीतसर माझ्या नावावर घेतले. सोलापुरात एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात मी टॉवेल विणून घ्यायची आणि तो तिकडच्या हॉटेलांना विकायचा. काही वर्षं बरी गेली. मग एका हंगामात ऑर्डरच आली नाही. मीच फोन केला, तेव्हा म्हणाला, "माल तुर्कस्तानातून घेतोय. स्वस्त पडतो." मी फोन ठेवला. त्यानंतर आम्ही दिवाळीलासुद्धा बोललो नाही.

रिटर्न भरायच्या वेळी सात रस्त्याजवळच्या सीए मॅडमकडे गेले, तर त्यांनी विचारलं, "परदेशातले शेअर अजून तुमच्या नावावर आहेत ना?"

"आहेत. पण त्यातून मला काही मिळत नाही."

"मिळो न मिळो, दाखवावे लागतात. राहून गेले तर दंड लई मोठा आहे."

त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. कंपनीचा पत्ता, व्यवसायाचं स्वरूप, शेअर कधी घेतले, वर्षभरातली त्यांची सगळ्यात जास्त किंमत, डिसेंबरअखेरची किंमत. पत्ता सोडला तर मला खात्रीने काहीच सांगता येईना.

"भावाला विचारा की," मॅडम सहज म्हणाल्या.

एखाद्या गिऱ्हाइकाला लिहावा तसा कोरडा मेसेज मी अण्णाला पाठवला. गाडीत बसते न बसते तोच त्याचा फोन.

"ऊटा आतेन?" त्याने विचारलं. जेवलीस का? घरात आम्ही कानडीच बोलायचो.

मी मराठीत म्हटलं, "आकडे पाठव."

"पाठवतो. पण एकेक रकाना सांगतो, तू लिहून घे. चुकायला नको."

गाडीतच मी लिहीत गेले. व्यवसायाच्या रकान्याशी तो म्हणाला, "टॉवेल विक्री."

"कुणाचे टॉवेल?"

"तुझाच माल घेत राहिलो असतो तर माझी कंपनी बुडाली असती. पण तुला आधी सांगायला हवं होतं. धीर झाला नाही."

मला लगेच काही बरं वाटलं नाही. तरी फोन ठेवला नाही. शेवटी तो म्हणाला, "दरवर्षी तुला हा ताप कशाला? शेअर माझ्या नावावर करून घेतो."

बोलणं शहाणपणाचं होतं. मॅडमनीही हेच सुचवलं असतं. पण माझ्या तोंडून निघालं, "नको. असू दे."

का, ते तेव्हा सांगता आलं नसतं. त्या शेअरवर कंपनीत माझं काही चालत नाही. पण तिथे दोघांची नावं आहेत, तेवढं मला पुसायचं नव्हतं. आता रिटर्नचे दिवस आले की आकडे तो आपणहून पाठवतो, मागोमाग फोन करतो. रकाने लवकर संपतात, मग पोरांचं, गुडघ्यांचं, पावसाचं निघतं. माल तो अजून तुर्कस्तानातूनच घेतो. त्यावर मी बोलत नाही. कारखान्यात सध्या चादरीचं काम जास्त आहे, तेवढं सांगते.