चिंधीने पुसलेला चेहरा

बायको गेल्यावर आमच्या शेजारचे शिंपीकाका धामणगाव बढ्याहून मोताळ्याला चित्रकला शिकायला जाऊ लागले. वर्गात ते एकटेच म्हातारे. वर्षभर त्यांनी पेन्सिलीने तांब्या, चपला, कात्री काढली. हळूहळू रेघ थरथरायची थांबली. मग तैलरंग आणून म्हणाले, "आता हिले काढतो."

कितीदा तरी त्यांनी चेहरा रंगवला आणि चिंधीने पुसून टाकला.

"काका, फोटो पाहून काढा ना."

"फोटोतली कोनालेही दिसते बे. मले माह्या डोळ्यातली पाह्यजे."

परवा त्यांनी हाक मारून चित्र दाखवलं. शिलाई मशीनजवळ चहाचा कप ठेवणारा हिरव्या बांगड्यांचा हात, अगदी जिवंत. बाकी बाई नव्हतीच.

"जलमभर मान खाली घालून शिवत राह्यलो," ते म्हणाले. "इतकीच पाह्यली मी तिले."