भुताच्या पिक्चरवाल्या आक्का

भुताचा पिक्चर बघताना आक्का कधी दचकल्या नाहीत. त्या चिडायच्या. "आवाज आला तर बाहीर पळावं का न्हाई? ही भवानी एकलीच माडीवर चढतीया!" असं म्हणून पडद्यावरच्या बाईला झापायच्या आणि हातातली उशी अभ्र्यात कोंबायच्या.

मुळशी धरणाच्या काठी एका रिसॉर्टवर मी रिसेप्शनला होतो. आक्का चादरी-टॉवेलच्या खोलीत. साठीला टेकलेल्या, जवळच्याच वाडीतल्या. मी परभणीकडचा, तिथं कुणाला ओळखत नव्हतो. शनिवार-रविवारी गर्दी उसळायची आणि सोमवारी दुपारपर्यंत सगळं ओस पडायचं. अशाच एका मंगळवारी मी काउंटरवर मोबाईलवर भुताचा पिक्चर बघत होतो. त्यातली किंकाळी ऐकून आक्का धावत आल्या. मोबाईल पाहिला आणि खुर्ची ओढून म्हणाल्या, "पयल्यापास्नं लावा, सायेब."

मग दर मंगळवारी दुपारी मी त्यांच्या खोलीत जाऊ लागलो. मोबाईल इस्त्रीच्या टेबलावर उभा करायचा आणि दोघांनी चादरींच्या घड्या घालायच्या. दोन टोकं त्यांच्या हातात, दोन माझ्या. भूत जवळ आलं की चादर तशीच ताणलेली राहायची. मांत्रिकानं शेवटी भूत बाटलीत भरलं की त्या नाराज व्हायच्या. "दिसत न्हाई तवरच त्यात दम असतोय," हे त्यांचं ठाम मत होतं.

आक्कांचा नवरा वारून बरीच वर्षं झालेली, मुलगा पुण्याजवळ सूसला फ्लॅटमध्ये. मी एकदा विचारलं, "आक्का, हे बघून एकट्या घरी जाता, भीती वाटत नाही?"

"भ्या वाटाया घरात कुनीतरी आवाज कराया पायजे," त्या म्हणाल्या. "माज्या घरात भांडं पडलं तरी ते मीच पाडलेलं असतंय."

माझे वडील गेले तेव्हा मी तेरावं उरकून परत आलो. सगळे चौकशी करून कामाला लागले. मंगळवारी आक्कांनी पिक्चर लावू दिला नाही. आम्ही नुसत्या घड्या घालायला लागलो. चादरीची दोन टोकं हातात धरून त्यांनी विचारलं, "त्यांचा आवाज हाय का फोनमदी?"

"नाही."

"मग इसरशील बाबा. आमच्या मालकांचा मी इसरले. तुला हाक कशी मारायचे, आत्ताच म्हणून ठेव."

त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी मला अरेतुरे केलं. मी वडिलांसारखी हाक मारून पाहिली. दुसऱ्या खेपेला ती जमली आणि मी चादरीत तोंड खुपसून रडलो. आक्कांनी त्यांच्याकडची टोकं सोडली नाहीत.

पुढं मुलानं जमीन विकली आणि आक्कांना सूसला नेलं. तिथं सुनेनं सांगितलं, पोरं घाबरतात, असलं काही लावू नका. मग मंगळवारी घरात कुणी नसताना मी त्यांना फोन करून पिक्चरची गोष्ट सांगायचो. "हळू सांग," त्या म्हणायच्या, "समदे घरी याया लई वेळ हाय अजून." मी जेवढं लांबवता येईल तेवढं लांबवायचो. तिकडं ये म्हणून त्यांनी दोनदा सांगितलं. सुट्टीच्या दिवशी रिसॉर्टवर गर्दी आणि माझ्या सुट्टीला पाऊस, असं करत राहून गेलं.

एका मंगळवारी अर्धी राहिलेली गोष्ट पुढं सांगायला फोन लावला. तो त्यांच्या मुलानं उचलला.

"आई शुक्रवारी गेली. झोपेतच. आपण कोण?"

आक्कांनी घरी माझं नाव कधी काढलं नव्हतं. मीही माझ्या घरी कुणाला त्यांच्याविषयी सांगितलं नव्हतं.

"रिसॉर्टवर बरोबर कामाला होतो," मी म्हणालो.

"बरं. काही काम होतं का आईकडं?"

"नाही," मी म्हणालो, "सहज केला होता."