पूजा झालेल्या नळ्या

काही प्रकरणं मुद्दाम आठवावी लागतात. हे एक आपण होऊन येतं, तेही बहुधा दुपारी, जेवण होऊन डोळा लागत असताना. आधी कारखान्याच्या मळीचा आंबूस-गोड वास येतो आणि मग लांब कुठंतरी क्लॅरिनेट वाजायला लागतं. त्यातली मुख्य दोन माणसं आता हयात नाहीत, म्हणून लिहितो. नावं तरीही लिहिणार नाही.

नव्वदच्या दशकात मी इंदापूर तालुक्यातल्या एका ठाण्यात फौजदार होतो. उसाचा हंगाम चालू होता. आमच्याकडच्या तक्रारी ठरलेल्या असत: बांध कोरला, पाण्याची पाळी मारली, विहिरीवरची मोटार गेली. अशातच एका दुपारी बारामतीजवळच्या कन्हेरीचे तात्या आले. लग्नात वाजवणाऱ्या एका बँडचे हे मालक. बाकावर बसा म्हटलं तर बसले नाहीत.

"सणसरच्या मास्तरचा भाऊ मस्कतहून आलाय," ते हळू आवाजात म्हणाले. "परदेशी नळ्या आणल्यात त्यानं. उघडल्या तशी आतनं लाल-पिवळी पावडर सांडली. दारातनं ह्या डोळ्यांनी बघितलीया. माझं नाव मातर कुठं येऊ देऊ नका."

सणसरचे मास्तर म्हणजे दुसऱ्या बँडचे मालक. दोघंही क्लॅरिनेट वाजवायचे आणि अलीकडे सगळ्या लग्नांच्या सुपाऱ्या मास्तरांकडे चालल्या होत्या, हे मला माहीत होतं. खबर देणारा माणूस खबरीपेक्षा स्वतःबद्दल जास्त सांगून जातो. तात्यांच्या बोलण्यात राग थोडा होता, दमलेपण फार होतं. पण पावडर म्हटल्यावर फौजदाराला गप्प बसून चालत नाही. पंच घेतले आणि निघालो.

मास्तरांचं घर कालव्याच्या कडेला होतं. भिंतीला ढोल टेकवून ठेवले होते, कालव्याचं पाणी आवाज न करता चाललं होतं. झडती घ्यायला आलेल्या माणसाला झोप यावी अशी ती जागा होती. ट्रंकेत टॉवेलात गुंडाळलेल्या चार काळ्या नळ्या निघाल्या. क्लॅरिनेटचे दोन मुख्य भाग असतात, त्यातल्या वरच्या भागाच्या या नळ्या. आपल्याकडच्या उन्हानं लाकूड तडकतं, मग वाद्य फुसफुसायला लागतं, म्हणून या नव्या मागवलेल्या. एका पंचानं बोटाला लागलेली पावडर हुंगली आणि हसू दाबत म्हणाला, "साहेब, हे तर हळद-कुंकू हाय."

तात्यांनी हळद म्हटलं असतं तर मी जीप बाहेर काढलीच नसती. हे त्यांनाही पक्कं ठाऊक असणार.

तिथूनच परत फिरावं असं वाटलं. पण कोऱ्या परदेशी वस्तूला मस्कतमध्येच हळद-कुंकू कोण कशाला लावेल? शिवाय मास्तरांच्या धाकट्या भावाचा चेहरा पार उतरला होता. पंचनामा केला, नळ्या ताब्यात घेतल्या आणि दोघा भावांना ठाण्यात आणलं.

दोघांना वेगवेगळं बसवलं. धाकटा लगेच बोलला. जाताना दादानं हळद-कुंकवाची पुडी बरोबर दिली होती आणि नळ्या घेतल्या की तिथंच पूजा कर, असं बजावलं होतं. त्यानं खोलीवर, सोबतच्या कामगारांसमोर, उदबत्ती लावून पूजा केली होती. विमानतळावर नळ्यांबद्दल कुणाला काही बोलला नव्हता.

मी मास्तरांना कारण विचारलं.

"खंडेनवमीला आमी वाद्यं पूजतो का न्हाय?" मास्तर मलाच समजावायला लागले. "पूजा झाली की वस्तू घरची झाली, साहेब. दुकानातली ऱ्हात न्हाय. मग तिला कस्टम कसला?"

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगाय कशाला पायजे? बँडवाल्यांत समद्यांनाच म्हाईत हाय."

असा कायदा कुठल्याही पुस्तकात नाही, पण सांगण्याची पद्धत अशी की क्षणभर मलाच वाटलं, असायला हवा होता. नियमाप्रमाणे मी पुण्याला कस्टमला कळवलं. दुसऱ्या दिवशी त्यांचे इन्स्पेक्टर आले. ऐकून ते पोटभर हसले, मग कामाचं बोलले. "हळद असो नाहीतर गुलाल, ड्यूटी लागते. प्रत्येक नळी वापरणारा माणूस मला दाखवा. ड्यूटी भरून घेतो आणि सोडतो. पण विकायला आणलेली एक जरी निघाली तरी केस होईल. पासपोर्ट अडकेल."

धाकट्याचं विमान दोन दिवसांवर होतं. वेळेवर हजर झाला नाही तर तिकडचं काम गेल्यातच जमा होतं. मास्तरांची वाद्यं आणवली. तीन नळ्या तीन क्लॅरिनेटच्या खालच्या भागावर बरोबर बसल्या. चौथीला वाद्य नव्हतं.

"ही कुणाची?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

मास्तरांनी मान खाली घातली.

"दादा, सांग की," धाकटा रडकुंडीला आला. "माझं काम जाईल तिकडचं."

मास्तर गप्पच. खोटं बोलणारा माणूस काहीतरी बोलतो. हा माणूस काहीच बोलत नव्हता, म्हणजे कुणाला तरी पाठीशी घालत होता.

उत्तर आमच्या जुन्या हवालदारानं दिलं. मास्तर एका वस्तादाकडे शिकलेले. त्या वस्तादानं पलटणीच्या बँडमधली एकाच बनावटीची क्लॅरिनेटं मिळवून आपल्या शिष्यांना दिली होती, आणि दुसऱ्या बनावटीवर ही नळी बसत नाही. "त्यातलं एक कन्हेरीला हाय, साहेब," हवालदार म्हणाला. "तात्यांकडं. गेल्या उन्हाळ्यात तडकलं ते. दोघं एका ताटात जेवलेले."

मी स्वतः कन्हेरीला गेलो. तात्या घाबरले. "तुमचं नाव येणार नाही," मी म्हणालो. "फक्त वाद्य घेऊन चला." वाटेत दुतर्फा उसाला तुरे आलेले होते. तात्या मांडीवर वाद्य धरून बसले होते.

ठाण्यात मी त्यांच्या वाद्याची तडकलेली नळी काढली आणि चौथी बसवली. ती अलगद बसली. तात्या आधी नळीकडे बघत राहिले, मग मास्तरांकडे.

"त्यांचीच हाय," आता मास्तरांना बोलावंच लागलं. "पाडव्याला द्यायची व्हती."

"वाजवून दाखवा," इन्स्पेक्टर म्हणाले.

तात्यांनी वाद्य तोंडाला लावलं. दोनदा नुसता वारा गेला. तिसऱ्या वेळी सूर लागला, आणि त्यानंतर किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. ठाणे अंमलदारानं लेखणी खाली ठेवली. कोठडीतला मोटारचोर गजांना धरून उभा राहिला. अंगणातलं ऊन जागच्या जागी थांबल्यासारखं वाटत होतं. मला माझ्या गावची, कुणाच्या ते आठवत नाही अशा लग्नाची सकाळ दिसायला लागली. इतकं शांत मला त्या खुर्चीत कधी वाटलं नव्हतं.

मग तात्या थांबले. वाद्य खाली घेतलं. "साहेब, एक सांगायचं हाय," ते म्हणाले. "ती खबर..."

मास्तरांनी टेबलावरचं आपलं क्लॅरिनेट उचललं आणि वाजवायला सुरुवात केली. तात्यांनी जिथं सोडलं होतं, बरोबर तिथून. वाजवता वाजवता तात्यांच्या अगदी जवळ जाऊन उभे राहिले. तात्या बघत राहिले. मग त्यांनीही वाद्य तोंडाला लावलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि सूर मात्र स्वच्छ येत होता.

इन्स्पेक्टरांनी ड्यूटी भरून घेतली, नळ्या सोडल्या. धाकटा वेळेवर मस्कतला गेला. त्या संध्याकाळी निघताना मास्तर माझ्यापाशी रेंगाळले.

"तुमी पावडर म्हणत घरात शिरला तवाच वळखलं मी. नळ्या उघडल्या तवा दारात तात्याच उभं व्हतं."

"मग चौथी नळी त्यांची आहे हे का सांगितलं नाही? भावाचं काम गेलं असतं."

"भावाला दुसरं काम मिळंल, साहेब. तात्यांना दुसरं काय येतं? आपल्याच नळीची आपण खबर दिली हे कळल्यावर त्यांनी ती तोंडाला लावली असती व्हय? आता हुकमापायी का हुईना, लावलीया. मला ठाव हाय हे त्यांना कळू देऊ नका."

मी तसा शब्द दिला आणि तो पाळला.

माझी सगळी नोकरी माणसांकडून कबुली काढण्यात गेली. कधी गोडीनं काढली, कधी धाकानं. कबुली दिली की माणूस हलका होतो, असं मी नव्या पोरांना शिकवत आलो, आणि ते बहुतेक वेळा खरंही असतं. पण एक कबुली माझ्या डोळ्यांसमोर, माझ्याच ठाण्यात, एका माणसानं वाजवून अडवली. मी खुर्चीतून उठलो नाही. मी ती अडवू दिली.